तीन पट्ट्या वर

आमच्या बॅंडला नाव नव्हतं. हे मी कौतुकानं सांगत नाही. नाव ठेवायचं तर तिघांचं एकमत व्हायला हवं, आणि आमचं एकमत कटिंग चहाच्या पलीकडे कधी गेलं नाही. शेवटी लोकांनीच आपल्या सोयीनं नाव पाडलं, 'फास्टवाले'. मध्ये एकदा भाच्याला आमची जुनी कॅसेट ऐकवली. त्यानं डोकं हलवत ऐकली आणि म्हणाला, "मामा, परदेशात ह्याला डान्स-पंक म्हणतात." म्हटलं, म्हणत असतील बाबा. आम्ही त्याला 'ते आपलं' म्हणायचो. ते आपलं वाजवू या का, असं. भाच्याला अजून बरंच विचारायचं होतं. कोण गातंय, तो आता कुठं असतो, वगैरे. मी विषय बदलला. त्याला नाही सांगितलं ते इथं सांगतो.

मी नाशिकला आलो तो सटाण्याकडच्या एका खेड्यातून, आयटीआयला. सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाशिकरोडला एका घराची मागची खोली भाड्यानं घेतली होती. पहिल्याच आठवड्यात वर्गात मास्तरांनी काहीतरी विचारलं, आणि मी उठून आमच्या अहिराणीत म्हणालो, "माले समजनं नही." अख्खा वर्ग हसला. मास्तरही हसले. पुढं महिनाभर माझं नावच 'माले' पडलं होतं. मी रागीट माणूस. एकदोघांशी मारामारी करून पाहिली, त्यानं फक्त 'माले चिडला' एवढीच भर पडली. मग मी तोंडच बंद केलं. सहा-सात महिने मी कोणाशी धड दहा वाक्यं बोललो नसेन. खाणावळीतही बोटानं दाखवायचो. रविवार तर खायला उठायचा.

घरून आणलेली एकच चैनीची वस्तू होती, बेंजो. पुस्तकात त्याला बुलबुलतरंग म्हणतात, पण मिरवणुकीत तो बेंजोच. लांबट लाकडी पेटी, वर टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातानं नखीनं तारा छेडायच्या. यात्रेत घेतला होता आणि कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून मी जे वाजवायचो त्याला चूक म्हणणारं कोणी नव्हतं. रविवारी दुपारी दार लोटून घेऊन मी तो वाजवत बसायचो.

अशाच एका दुपारी दाराबाहेरून कोणीतरी माझ्या वाजवण्यावर गायला लागलं. मी दचकून थांबलो.

"वाजव की. थांबलास कशाला?"

पायरीवर एक पोरगेला तरुण बसला होता, मांडीवर अंकगणिताचं पुस्तक. घरमालकाच्या मुलीची शिकवणी घ्यायला यायचा. डी.एड. झालेला, मास्तरकीच्या नेमणुकीची वाट बघणारा. मी म्हणालो, "माले... मला नीट येत नाही."

"माले म्हण ना," तो म्हणाला. "बरं वाटतं ऐकायला. आणि येत नाही काय, बोटं तर पळतायत."

खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी रडू आलं होतं. सात महिन्यांत कोणी पहिल्यांदाच माझं बोलणं बरं वाटतं असं म्हणालं होतं. मी खाली मान घालून तारा पुसत बसलो.

तो राहायचा रेल्वे लाइनच्या पलीकडे, बौद्ध कॉलनीत. वडील शाळेत शिपाई. त्याच्या घरी गेलं की त्याची आई 'जेवलास का' असं विचारायचीच नाही, सरळ ताट पुढं ठेवायची. महिन्याभरात मी खोलीवर फक्त झोपायला जायला लागलो. तो लहानपणापासून कॉलनीच्या विहारात, जयंतीच्या मिरवणुकीत गायचा. गळा मोकळा, जाडसर, पोटातून येणारा. सूर पक्का होता, पण सुरांची नावं त्याला ठाऊक नव्हती. गाणं कुठल्या उंचीवर गायचं, ती पट्टी ठरवणं माझं काम. गायच्या आधी तो विचारायचा, "किती लावलीस?" मी म्हणायचो, "काळी एक." "मग चालेल," म्हणायचा आणि सुरू करायचा. मी काळी एक म्हटलं की त्याच्यासाठी ती काळी एकच.

तिसरा ड्रमवाला. तो देवळाली कॅम्पचा. वडील छावणीतल्या एका मेसमध्ये आचारी. पलटणीच्या बॅंडनं मोडीत काढलेले ढोल, एक तडकलेली झांज आणि स्वतः ठोकून बनवलेला पायाचा पॅडल, असा त्याचा सगळा सेट होता. आमच्यात सगळ्यात उंच आणि सगळ्यात कमी अकलेचा; हे मी नाही, तोच म्हणायचा. बोलायचा अर्धं मराठी, अर्धं हिंदी. "अरे यार, मैं तो बस ठोकता हूँ, अक्कल तुम्ही लावा."

त्यानंच ती कॅसेट आणली. कुठल्याशा साहेबाची बदली झाली, साहेबाच्या मुलानं जाताना नको असलेलं सामान वाटलं, त्यातून ह्याच्या वाट्याला आली. वर काही लिहिलेलं नव्हतं. आम्ही त्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून ती लावली. गोरी पोरं होती. गिटार करवतीसारखी, ड्रम पळत सुटलेला, आणि गाणारा गात नव्हताच, भांडत होता. दोन मिनिटांत गाणं संपलं. 

"आयला," गाणारा म्हणाला, "हे तर आपल्यापेक्षा वाईट वाजवतात!"

"आणि तरी ह्यांची कॅसेट निघते," मी म्हणालो.

एवढंच झालं बघा. त्याआधी आमची समजूत अशी की, संगीत म्हणजे मोठ्या लोकांचं काम, आपण आपलं दारं लावून करायचं. त्या दुपारी ती समजूत गेली. आम्ही त्यांची नक्कल केली नाही, ती यायलाही हवी ना! माझ्या बेंजोला तारांचा आवाज कर्ण्यावर नेणारा पिकअप बसवला आणि आवाज फाटेल इतका वाढवला. ड्रमवाल्यानं त्यांची पळापळ घेतली आणि त्यात आपल्या हलगीचा ठेका घातला, त्यामुळे ऐकणाऱ्याचे पाय हलायचेच. गाणाऱ्यानं शब्द लिहिले. शब्द कसले, त्याचं रोजचं रडगाणं. एका गाण्यात सबंध वेळ एवढंच, 'अर्ज केलाय, उत्तर नाही'. तो ओरडायचा 'अर्ज केलाय', आम्ही दोघं ओरडायचो 'उत्तर नाही'. पोस्टमनवर एक कडवं होतं, साहेबाच्या टेबलावर एक, आईनं रोज दाराकडं बघण्यावर एक.

देवळालीत सराव करण्याचा एक फायदा. तिथं तोफखान्याचा सराव चाले. लांबून धडाम धडाम ऐकून अख्ख्या वस्तीचे कान मेले होते. आमच्या गोंगाटाची तक्रार म्हणून कोणी केली नाही. शेजारची एक म्हातारी तर म्हणायची, "तोफा बंद झाल्या का तुमी लावा रे पोरांनो, चुकल्यावानी वाटतं."

पहिल्यांदा आम्ही वाजवलं ते आयटीआयच्या गॅदरिंगमध्ये, आणि तिसऱ्या मिनिटाला आम्हाला खाली उतरवलं. कोणीतरी मागून 'माले!' अशी आरोळीही ठोकली. मी नखी फेकून त्याच्या अंगावर जाणार होतो, गाणाऱ्यानं दंडाला धरून मला बाहेर नेलं. "जाऊ दे," म्हणाला. "ह्यांना खुर्चीत बसून ऐकायचंय. आपलं खुर्चीत बसून ऐकायचं नाहीये." आणि एप्रिलमध्ये, जयंतीला, त्यानं आम्हाला आपल्या कॉलनीच्या मिरवणुकीत हातगाडीवर चढवलं. मागं ट्रकची बॅटरी, वर दोन कर्णे. उन्हानं डांबर वितळत होतं. 'अर्ज केलाय' म्हटल्याबरोबर रस्त्यावरून उत्तर आलं, 'उत्तर नाही!' शंभर-दोनशे पोरं उड्या मारत होती. बायका गॅलरीतून ओरडत होत्या. त्याची आई बाजूनं चालत होती, पदरानं तोंड पुसत, आणि तिचे ओठ हलत होते. माझ्या आयुष्यात त्या दुपारी होतो तितका मी कधीच माणसांत नव्हतो.

आता कॅसेटची गोष्ट. ह्या गोष्टीनं आम्ही वर गेलो, आणि हिनंच आम्ही मोडलो.

आपलीही कॅसेट हवी म्हणून आम्ही शेडमध्ये ड्रमवाल्याच्या टेपरेकॉर्डरवर सहा गाणी भरली. वीज गेली होती, म्हणून सेलवर. सेल जुने होते, उतरत आलेले. टेप हळू फिरत होती आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता. कारण भरताना कोण ऐकतंय? दुसऱ्या दिवशी आम्ही ती नाशिकरोडच्या एका कॅसेट भरून देणाऱ्या दुकानात नेली. त्याचं मशीन विजेवरचं, मोठं, बरोब्बर वेगाचं. हळू भरलेली टेप तिथं लागली आणि काय सांगू! आमची गाणी सुसाट पळायला लागली. बेंजो मधमाश्यांच्या पोळ्यागत, आणि आमच्या गाणाऱ्याचा तो जाड गळा एकदम पातळ, उंच, धारदार.

तो हसून हसून लोळायचा बाकी राहिला. "हे कोण रे गातंय? अजून मिसरूडसुद्धा फुटलेलं नाही!"

आम्हीही हसलो. पण दुकानाबाहेर माणसं थांबायला लागली होती. रिक्षावाले उतरून आले. दोन पोरं तिथंच फुटपाथवर नाचायला लागली. दुकानदार म्हणाला, "मालक, ही मी ठेवून घेतो, कॉप्या काढतो. असलं काही ऐकलंच नाही कधी." तेव्हा सांगायला हवं होतं, की अहो ही चूक आहे, चांगले सेल घालून परत भरून आणतो. गाणाऱ्यानं माझ्याकडे बघितलं. ड्रमवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी दुकानदाराला म्हणालो, "काढा."

दोन-तीन महिन्यांत ती कॅसेट सगळ्या जिल्ह्यात पोचली. टेंपोत, सलूनमध्ये, कांद्याच्या लिलावात. मिरवणुकांची, लग्नांची बोलावणी यायला लागली आणि प्रत्येकाची अट एकच, कॅसेटसारखं वाजवा. पहिल्या दोन ठिकाणी आम्ही आमच्या नेहमीच्या वेगात वाजवलं, तर लोक म्हणाले, हे ते नव्हेत, हे डुप्लिकेट. आम्हाला आमचेच डुप्लिकेट म्हणाले! मग मी कॅसेट लावून बसलो आणि चावीनं तारा ओढत ओढत बेंजो तिच्याशी जुळवला. तीन पट्ट्या वर. रोज एखादी तार तुटायची. ड्रमवाला तर खूशच होता, त्याला वेग म्हणजे जीव की प्राण.

राहिला गाणारा. तार तुटली तर दुसरी लावता येते. तो तीन पट्ट्या वर गायचा, म्हणजे गळ्याच्या शिरा टरटरून फुगायच्या. दोन गाणी निभायची, तिसऱ्याला आवाज चिरायचा. ज्येष्ठमध चघळायचा, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायचा, कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी शिकवणीला खडूनं लिहूनच शिकवायचा. त्याची आई एकदा मला म्हणाली, "बाबा, तुमचं ते जरा खालून नाही का होत?" मी म्हणालो, "बघतो काकू." बघितलं नाही.

का नाही बघितलं? सरळ सांगतो. मला लोक ओळखायला लागले होते. ज्या बाजारात मी बोटानं भाजी दाखवायचो तिथं लोक हाक मारून चहा पाजत होते. आयटीआयमधली 'माले' म्हणणारी पोरं आता लग्नाला बोलवायला येत होती. हे सगळं त्या तीन पट्ट्यांवर उभं आहे, असं मला वाटायचं. खाली आलो की परत त्या मागच्या खोलीत जाऊन पडू, अशी भीती होती. त्यानं दोन-तीनदा विचारलं, "एखादी पट्टी खाली आण ना." मी दर वेळी काहीतरी कारण काढलं. तार सैल पडते, कर्णा घुमतो. त्याला त्यातलं काही कळायचं नाही, आणि माझं म्हणणं तो खरं मानायचा.

मग माझ्या चुलतभावाचं लग्न निघालं, आमच्या गावी. मी फास्टवाल्यांना घेऊन येतोय म्हटल्यावर अख्ख्या गावात दवंडी पिटल्यासारखं झालं. गाणाऱ्याचा घसा आठवडाभर बसलेला. तो निघताना म्हणाला, "मी येतो. तुझ्या घरचं कार्य आहे, नाही कसं म्हणू? पण आज तेवढी पट्टी खाली लाव. आज खरंच जमणार नाही."

"लावतो," मी म्हणालो.

"घसा फुटेल रे."

"लावतो म्हटलं ना!"

गावात पोचलो. काकांनी ओटीवर मला बाजूला घेऊन विचारलं, "हाऊ गाणारा कोनना पोऱ्या शे?" मी म्हणालो, "नाशिकचा." यापुढं मी काही सांगितलं नाही, आणि त्यांनीही पुढं विचारलं नाही. गाणारा आणि ड्रमवाला पाणी प्यायला गेले तेव्हा मी बेंजो मांडीवर घेतला. चावी हातात होती. तारा खाली आणायला पाच मिनिटं लागली असती. समोर गावातली म्हातारी माणसं, माझ्या वर्गातली पोरं, ज्यांनी मला नाशिकला जाताना 'काय उजेड पाडणार' म्हणून हसून निरोप दिला ती सगळी पारावर येऊन बसली होती. मी चावी फिरवली नाही. खिशात टाकली.

गाणारा आला. हातगाडीवर चढला. वाकून विचारलं, "लावलीस ना खाली?"

"लावली."

"चालेल मग," म्हणाला, आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

नवरदेव घोड्यावर बसला, मिरवणूक निघाली. दिवस कलला होता, धुळीत सगळं पिवळं दिसत होतं. पहिल्याच ओळीला तो वर चढला आणि चढताच त्याचा चेहरा बदलला. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी बटणांकडे बघत होतो. दुसरी ओळ त्यानं ओढून ताणून काढली. तिसरीला आवाज फुटला. फुटला म्हणजे बाहेरच आला नाही, नुसती हवा. लोक आधी गप्प झाले, मग कोणीतरी हसलं, मग सगळेच. "कॅसेटसारखं वाजाडा रे भो!" कोणीतरी ओरडलं. तो पुन्हा सुरू करायला गेला. पुन्हा हवा.

लाऊडस्पीकरवाला हुशार माणूस. त्याच्याकडे आमची कॅसेट होतीच. त्यानं काकांना विचारलं, काका 'लाव' म्हणाले, आणि कर्ण्यातून आमचंच गाणं सुरू झालं, ते पळणारं, उंच, मिसरूड न फुटलेलं. पोरं बेफाम नाचायला लागली. काका गाडीजवळ येऊन म्हणाले, "तुमी नुसता हात हालाडा, गाना चालू शे." ड्रमवाला काठ्या हवेत फिरवायला लागला. मी बेंजोचा आवाज बंद केला आणि बटणं दाबत राहिलो, नखी तारांच्या वरून फिरवत राहिलो. तोंडावर हसू ठेवलं.

तो थोडा वेळ तसाच उभा होता. त्याचाच आवाज डोक्यावरच्या कर्ण्यातून येत होता, आणि माणसं त्यावर नाचत होती. मग तो हातगाडीवरून उतरला, कोणाला धक्का लागू नये असा अंग चोरत गर्दीतून वाट काढत गेला. एसटीचा थांबा तिकडंच होता. मला त्याची पाठ दिसत होती. मी उतरलो नाही. गाव बघत होतं, म्हणून मी उतरलो नाही. आणखी अर्धा तास मी मुका बेंजो वाजवला.

नाशिकला परत आल्यावर मला वाटलं होतं, तो भांडेल. दोन लगावल्या असत्या तर मी उपकार मानले असते. तो भांडला नाही. म्हणाला, "माझ्याच्यानं होत नाही आता, तुम्ही दुसरा बघा." बस. डॉक्टरनं त्याला महिनाभर मौन सांगितलं होतं. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांत त्याला नेमणुकीचं पत्र आलं, सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरच्या शाळेवर. मी स्टॅंडवर पोचवायला जाणार होतो. सकाळी उठलो, अंघोळ केली, कपडे घातले आणि खोलीतच बसून राहिलो.

आम्ही दुसरा गाणारा आणला, मग तिसरा. ड्रमवाला एका ऑर्केस्ट्रात मुंबईला गेला. मग कीबोर्ड आले, बेंजोला कोणी विचारेना. मी एका कारखान्यात लेथवर लागलो. खोली तीच ठेवली. रविवारी त्या पायरीकडे बघायचं टाळायचो. त्याच्या आईकडे जाणंही मी बंद केलं. एकदा बाजारात ती समोरून येताना दिसली, तर मी भांड्यांच्या दुकानात शिरलो आणि नको असलेलं पातेलं घेऊन बाहेर पडलो. एवढ्या मोठ्या नाशकात माझं म्हणावं असं एक माणूस होतं, आणि त्याच्या घरचा रस्ता मी माझ्या हातानं बंद करून घेतला होता.

चार-पाच वर्षं अशी गेली. ऐंशीचं दशक निम्म्यावर आलं होतं. मग एका शनिवारी मी उठलो आणि सुरगाण्याची गाडी पकडली. जाऊन खरं काय ते सांगायचं, तो काय शिव्या देईल त्या ऐकायच्या, असं ठरवून निघालो. एसटी, मग जीप, मग डोंगरातली तासाभराची चाल. वाटेत वाक्यं जुळवत होतो. 'मी खोटं बोललो होतो', एवढंच तर बोलायचं होतं.

शाळा सुटली होती. तो अंगणात बाज टाकून वह्या तपासत होता. मला बघून उठला, वह्या खाली पडल्या, आणि त्यानं मला मिठीच मारली. "अरे! माले!" असं म्हणाला. तो म्हणाला तर ते मला नेहमीच गोड वाटायचं. आवाज मात्र त्याचा राहिला नव्हता. खरखरीत, दबलेला, दोन हातांवरूनही कान देऊन ऐकावा लागेल असा.

बायको, दोन वर्षांची मुलगी. नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी, वर उडदाचं भुजं, घट्टसं वरण. जेवताना तो पाड्यातल्या पोरांबद्दल, नाचणीच्या पेरणीबद्दल, दिवाळीनंतर गाव रिकामं होऊन द्राक्षाच्या कामाला जातं त्याबद्दल बोलत राहिला. मी वाट बघत होतो की विषय निघेल. मी काढणार होतो. पाणी प्यायलो, हात धुतले. मग म्हणालो, "तू परत गात का नाहीस?"

"नाही रे," तो हसून म्हणाला. "ते तुझ्या गावीच संपलं. वरच्या पट्टीत फुटायचा तेव्हा वाटायचं, चालायचंच, पट्टीच वरची आहे. पण त्या दिवशी तू खाली लावून दिलीस, आणि खालीसुद्धा लागला नाही. तेव्हा कळलं, आपला गळाच गेला. डॉक्टर म्हणत होता, आराम केलास तर येईल परत. मी म्हटलं, कशाला? पुन्हा तोंडच उघडलं नाही गायला."

 मला समोरची बाज दिसत होती आणि बाजेवरच्या वह्या दिसत होत्या.

तो पुढं म्हणाला, "आणि एक सांगू का? तुझा मला राग आला असता. ती कॅसेट, तो वेग, सगळ्याचा. पण त्या दिवशी सगळ्या गावासमोर, तुझ्या माणसांसमोर तू माझ्यासाठी पट्टी खाली आणलीस. तुला किती जड गेलं असेल, मला माहीत आहे ना. ते मी विसरलेलो नाही." मग त्यानं विचारलं, साधं, बोलण्याच्या ओघात विचारावं तसं, "खाली लावली होतीस ना?"

तेव्हा सांगायला हवं होतं. एवढ्यासाठीच तर डोंगर चढून आलो होतो. सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं, की त्याचा गळा गेला नव्हता, तो उगाचच इतकी वर्षं गप्प बसला होता. आणि मग त्यानं माझ्याकडे कसं बघितलं असतं, तेही माझ्या डोळ्यांसमोर आलं.

"हो," मी म्हणालो. "खाली होती."

तो राहा म्हणाला. बायकोनंही आग्रह केला. मी उद्या जादा पाळी असल्याचं कारण सांगितलं. तो डोंगर उतरून जीपपर्यंत सोबत आला, मुलीला खांद्यावर घेऊन. जीप भरलेली होती, मागं माणसं लोंबकळत होती. त्यानं पुढं होऊन जीपवाल्याच्या दंडाला धरलं आणि त्या उरल्यासुरल्या आवाजात म्हणाला, "ह्यांना पुढं बसव. माझा माणूस आहे."

जीपवाल्यानं एकाला मागं पाठवलं. मी पुढं बसलो.